रिमोटचं बटण कॉम्प्युटर दाबतो तेव्हा

केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि केबलची वायर थेट टीव्हीत खोचून चॅनल बघायचे मुंबईतले दिवस 31 ऑक्टोबर 2012 ला संपले. पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर या शहरांसाठी मुदत 31 मार्च 2013 ची होती आणि 2017 च्या मार्चअखेर उरलेल्या देशाचीही पाळी आली. डिशवाल्यांकडे सेट टॉप बॉक्स पहिल्यापासून होताच. तेव्हापासून बहुतेक घरांत टीव्हीसमोर दोन रिमोट पडलेले असतात. टीव्ही लावायचा एकावर, चॅनल बदलायचा दुसऱ्यावर, आवाज कधी ह्यावर तर कधी त्यावर. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना हा घोळ रोज छळतो.

त्यामुळे एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. घरात कॉम्प्युटर आहे, मोबाईल आहे, बोललं की दिवे लावणारा स्पीकर आहे. मग ‘सह्याद्री लाव’ म्हटल्यावर बॉक्सने सह्याद्री का लावू नये? लावू शकतो. त्यासाठी बॉक्स उघडावा लागत नाही आणि लागणारे सुटे भाग काही शे रुपयांत मिळतात. पण ह्या कामात एक अडचण आहे, आणि रिमोट आपल्या हातात असतो तेव्हा ती आपल्या लक्षातही येत नाही. तिच्यापर्यंत पायरी पायरीने जाऊ.

वायर जोडून का जमत नाही?

बॉक्सची मागची बाजू बघा. एचडीएमआय, लाल-पांढरी-पिवळी एव्ही पिन, डिशची किंवा केबलची वायर, एखादं यूएसबी. केबलमधून सिग्नल आत येतो आणि एचडीएमआयमधून चित्र बाहेर जातं. ‘चॅनल बदल’ हा हुकूम आत घ्यायला साध्या बॉक्सला तिथे जागाच ठेवलेली नसते. इंटरनेटला जोडता येणारे बॉक्स आहेत, पण स्वस्तातले साधे बॉक्स अजूनही घरोघर चालू आहेत.

मग कॉम्प्युटरलाच ट्यूनर कार्ड, म्हणजे टीव्हीचे चॅनल पकडणारं कार्ड, लावून बॉक्सला वगळता येईल का? पैसे भरून बघायच्या चॅनलसाठी नाही. ते चॅनल कुलूपबंद येतात आणि त्यांची किल्ली बॉक्समध्ये किंवा त्यातल्या कार्डात असते. कुलूप बॉक्सनेच उघडायचं, म्हणजे चॅनलही बॉक्सनेच बदलायचा.

अमेरिकेत हा पेच आपल्या आधी आला. 1999 साली तिथे टिवो नावाचं रेकॉर्डर यंत्र बाजारात आलं. रात्री दोनचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचा तर केबलच्या बॉक्सवर योग्य चॅनल लागलेला हवा, आणि टिवोला बॉक्सशी बोलायची दुसरी सोय नव्हती. म्हणून त्याच्याबरोबर एक बारीक वायर मिळायची, तिच्या टोकाला छोटा दिवा. तो बॉक्सच्या पुढच्या काळ्या खिडकीसमोर चिकटवायचा. वेळ झाली की टिवो त्या दिव्यातून रिमोटसारखाच इशारा करायचा आणि बॉक्स चॅनल बदलायचा. 2002 मध्ये मिथटीव्ही हे मोफत सॉफ्टवेअर आलं. जुन्या पीसीचा रेकॉर्डर करणारे हौशी लोक मग हेच काम लिनक्स ह्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या लिर्क नावाच्या प्रोग्रॅमकडून करून घेऊ लागले. ती काळी खिडकी आपल्या बॉक्सलाही आहे.

रिमोटमधून नेमकं काय निघतं?

उजेड. रिमोटच्या टोकाला एक एलईडी असतो आणि त्याचा उजेड साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लाल रंगाच्याही पलीकडचा असतो. त्याला अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतात. पुढे मी नुसतं आयआर म्हणेन. माणसाच्या डोळ्याला हा उजेड दिसत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा दिसतो. कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा, जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेरा वापरून बघा, कारण काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर आयआर अडवणारी काच असते. रिमोट बिघडलाय की त्याचे सेल संपलेत, ह्याचा पहिला तपासही असाच करतात.

पण आयआर तर उन्हातही असतो, पिवळ्या बल्बच्या उजेडातही असतो. त्या गर्दीतून बॉक्सने रिमोटचा उजेड वेगळा कसा काढायचा? ह्यासाठी रिमोटचा एलईडी नुसता लागत नाही, तो सेकंदाला साधारण 38,000 वेळा लुकलुकतो. खिडकीमागचा रिसीव्हर नेमक्या त्याच वेगाने लुकलुकणाऱ्या उजेडाची दखल घेतो. ऊन लुकलुकत नाही, म्हणून ते गाळलं जातं. आपल्याकडच्या कॉलेजच्या प्रोजेक्टांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला टीएसओपी 1738 हा तीन पायांचा रिसीव्हर असाच, त्याच्या नावातले 38 म्हणजे हेच 38 किलोहर्ट्झ. सगळ्या कंपन्या मात्र हाच वेग पाळत नाहीत. फिलिप्सची जुनी पद्धत 36 वर चालते, सोनीची 40 वर.

एका बटणाची गोष्ट

लुकलुकाट किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, ह्यात निरोप दडलेला असतो. सर्वांत जास्त आढळणाऱ्या पद्धतींपैकी एक एनईसी ह्या जपानी कंपनीच्या नावाने ओळखली जाते. कॉम्प्युटरला रिसीव्हर जोडून अशा रिमोटचं एक बटण दाबलं की पडद्यावर आकड्यांची रांग उमटते:

+9000 −4500 +560 −560 +560 −1690 +560 −560 …

आकडे मायक्रोसेकंदांत आहेत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. अधिक चिन्ह असेल तेवढा वेळ लुकलुकाट, वजा असेल तेवढा वेळ अंधार. पहिला 9000 चा लांब झोत आणि नंतरचा 4500 चा विराम म्हणजे ‘लक्ष दे, निरोप येतोय’. पुढे प्रत्येक झोत 560 चाच असतो, बदलते ती त्यानंतरच्या अंधाराची लांबी. अंधार छोटा असला तर शून्य, लांब असला तर एक. असे 32 शून्य-एक जातात. मूळ एनईसी पद्धतीत पहिले आठ यंत्राचा पत्ता सांगतात, पुढचे आठ तोच पत्ता उलटा करून, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. मग आठ बटणाचा नंबर सांगतात आणि शेवटचे आठ तो नंबर उलटा करून. सुलट आणि उलट जुळलं नाही तर बॉक्स तो निरोप सोडून देतो. अख्खा निरोप साधारण 68 मिलिसेकंदांत संपतो.

त्यातला पत्त्याचा भाग महत्त्वाचा आहे. टीव्हीचा रिमोट दाबल्यावर बॉक्स गप्प राहतो तो ह्या पत्त्यामुळे. पण हा पत्ता मॉडेलचा असतो, तुमच्या घरातल्या त्या एका बॉक्सचा नसतो. एकाच खोलीत एकाच मॉडेलचे दोन बॉक्स ठेवले तर एका रिमोटने दोन्ही हलतात.

कॉम्प्युटर हे शिकतो कसा?

आधी ऐकायचं, मग तेच परत बोलायचं. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा कॉम्प्युटर ह्या कामाला सोयीचा, कारण त्याच्या पिनांना रिसीव्हर आणि एलईडी सरळ जोडता येतात. त्याच्या लिनक्समध्ये आयआर-सीटीएल नावाचा प्रोग्रॅम चालतो. तो वरच्यासारखी आकड्यांची रांग फाईलमध्ये उतरवून घेतो आणि सांगाल तेव्हा तीच रांग एलईडीतून परत सोडतो. रिमोटवरची दहा आकड्यांची बटणं, आवाज, म्यूट, पॉवर एवढी एकदा नोंदवली की शिकवणी संपली.

भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. घेताना दोन गोष्टी सांभाळा. टीएसओपी 1738 पाच व्होल्टवर चालतो आणि रास्पबेरी पायच्या पिनांना 3.3 व्होल्टच्या वर सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी टीएसओपी 38238 मागा. तो कमी व्होल्टवरही चालतो. दुसरं म्हणजे एलईडी पिनला थेट जोडू नका. रास्पबेरी पायची एक पिन जेमतेम 16 मिलिअँपिअर देते, रिमोटच्या एलईडीला क्षणभरासाठी त्याच्या कितीतरी पट लागतात. मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि योग्य रेझिस्टर टाकला की तो पुरेसा तेजाने लागतो.

एवढा ताकदवान कॉम्प्युटर असूनही 560 मायक्रोसेकंद मोजताना तो चुकू शकतो, कारण त्याच वेळी त्याची पन्नास कामं चालू असतात. म्हणून लुकलुकाटाचं काम साध्या प्रोग्रॅमवर न सोपवता लिनक्सच्या गाभ्यातल्या ड्रायव्हरकडे देतात. ईएसपी 8266 सारखा स्वस्त वायफाय बोर्ड इथे बरा पडतो. त्याला दुसरं फारसं काम नसतं, त्यामुळे त्याचा ताल सुटत नाही. बाजारात मिळणारे तयार वायफाय-आयआर डबे आतून साधारण असेच असतात.

खरी अडचण: उत्तर येत नाही

आयआरचा निरोप म्हणजे पोस्टकार्ड. टाकलं की आपलं काम झालं, पोचलं का ते कळत नाही, पोचपावती नाही. बॉक्सच्या खिडकीमागे फक्त ऐकणारा भाग आहे, बोलणारा नाही. रिमोट आपल्या हातात असतो तेव्हा ही उणीव आपले डोळे भरून काढतात. चॅनल बदलला नाही हे दिसतं, आपण पुन्हा दाबतो. कॉम्प्युटरला डोळे नसतात.

सगळ्यात जास्त त्रास पॉवरच्या बटणाचा. ‘चालू हो’ आणि ‘बंद हो’ असे दोन वेगळे निरोप बहुतेक बॉक्सना नसतात. एकच निरोप असतो: आहेस त्याच्या उलट हो. कॉम्प्युटरला वाटलं बॉक्स बंद आहे, त्याने पॉवर पाठवली, पण बॉक्स चालूच होता, तर तो बंद पडतो. मधूनच कोणीतरी हातातल्या रिमोटने बॉक्स बंद केला की कॉम्प्युटरचा हिशोब तिथपासून उलटा चालू राहतो. एसीच्या रिमोटमध्ये हा दोष बहुधा नसतो. तो प्रत्येक दाबाला ‘चालू, 24 अंश, कूल, पंखा मध्यम’ अशी सगळी स्थिती पाठवतो, मग आधी काही का असेना. बॉक्स बनवणाऱ्यांना चालूचा आणि बंदचा वेगळा कोड देणं अवघड नाही. बॉक्समध्ये ती सॉफ्टवेअरची दोन ओळींची गोष्ट आहे, आणि ती सर्रास दिली जात नाही ह्याची मला मनापासून चीड आहे.

तोवर आडवाटा वापराव्या लागतात. बॉक्स बंदच करायचा नाही, पॉवरचा कोड यादीतून काढूनच टाकायचा, ही सर्वांत खात्रीची. वीज थोडी जास्त जाते, पण स्टँडबायमधला बॉक्सही काही कमी वीज खात नाही. काही बॉक्स आकडा दाबला तरी जागे होतात. आपला तसा असेल तर पॉवरऐवजी आकडाच पाठवायचा, चालू असला तरी बिघडत काही नाही. टीव्ही चालू आहे का, हे त्याच्या यूएसबी पोर्टवरून कळू शकतं. बऱ्याच टीव्हींत ते पोर्ट टीव्ही बंद झाल्यावर मरतं, तिथले पाच व्होल्ट आहेत की नाहीत हे बोर्डाला मोजता येतं, अर्थात योग्य रेझिस्टर मध्ये टाकून.

आकड्यांचीही एक खोच आहे. 115 लावायचा तर तीन निरोप जातात. ते फार भरभर पाठवले तर बॉक्स मधला आकडा गिळतो, फार हळू पाठवले तर 11 वर उडी मारून मोकळा होतो. दोन आकड्यांमध्ये तीन-चारशे मिलिसेकंद ठेवून सुरुवात करायची आणि आपल्या बॉक्सप्रमाणे कमी-जास्त करायचं. फिलिप्सच्या आरसी-5 पद्धतीत आणखी एक फसवी जागा आहे. तिथे निरोपात खुणेचा एक बिट (शून्य किंवा एक) असतो आणि तो प्रत्येक नव्या दाबाला पालटतो. बोट दाबून धरलंय की उचलून पुन्हा दाबलंय, हे बॉक्सला त्यावरून कळतं. कॉम्प्युटरने नोंदवलेला ‘1’ जसाच्या तसा दोनदा पाठवला तर खूण पालटत नाही, बॉक्सला वाटतं बोट दाबलेलंच आहे, आणि 115 चा 15 होतो. एकच आकडा लागोपाठ दोनदा येतो असेच चॅनल चुकत असतील तर पहिला संशय ह्याच्यावर घ्या.

मोबाईल ॲप असताना हा खटाटोप कशाला?

कंपनीचं ॲप बॉक्सला हुकूम देऊ शकतं, पण बॉक्स त्याच वायफायवर असला तरच. काही मोबाईलमध्ये, शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये, आयआर एलईडी असतो आणि तो उत्तम रिमोट होतो. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढे जायची गरज नाही. अडतं ते ज्यांना बटण शोधणं, दिसणं किंवा दाबणंच जमत नाही त्यांचं. त्यांना मोबाईलचा गुळगुळीत पडदा रिमोटहूनही अवघड.

आमच्या ओळखीतल्या एका काकांचा उजवा हात पक्षाघाताने गेला आणि डावा थरथरतो. त्यांच्यासाठी एका पाटावर गेमच्या यंत्रांना असतात तशी तळहाताएवढी चार बटणं बसवली: बातम्या, सह्याद्री, भजनांचा चॅनल आणि म्यूट. आत एक ईएसपी बोर्ड, बॉक्सच्या खिडकीला चिकटवलेला एलईडी. पॉवर ठेवलीच नाही. थरथरत्या हाताने एकच बटण तीनदा दाबलं जायचं आणि बॉक्स गोंधळायचा, म्हणून एकदा दाबल्यावर चार सेकंद पुढचे दाब मोजायचेच नाहीत असं प्रोग्रॅममध्ये घातलं. ‘जरा चॅनल लावा हो’ असं सुनेला हाक मारून म्हणणं त्यांना जड जायचं, ते थांबलं. आवाजावर चालणारा स्पीकर असेल तर हेच काम बोलूनही होतं, दृष्टिहीन माणसाला त्याचा मोठा आधार आहे.

घराबाहेरही ह्याचा उपयोग होतो. बॉक्सचं नवं सॉफ्टवेअर घराघरांत पाठवण्याआधी ते तपासावं लागतं, रात्रभर हजारो वेळा चॅनल बदलून बघावं लागतं. हे काम माणसाला न लावता कॉम्प्युटर आयआरने करतो. ब्रिटनमधल्या रेडरॅट कंपनीची उपकरणं ह्याच कामासाठी बनतात, एका उपकरणातून अनेक बॉक्सना वेगवेगळे निरोप जातात. एकाचा उजेड शेजारच्या बॉक्सवर सांडू नये म्हणून प्रत्येक खिडकीवर एलईडी चिकटवून झाकतात. तिथे कॉम्प्युटरला डोळेही दिलेले असतात, म्हणजे बॉक्सचं चित्र परत कॉम्प्युटरमध्ये घेऊन चॅनल खरंच बदलला का ते तपासलं जातं.

मग शेजारीही माझा चॅनल बदलेल?

पोस्टकार्डाला पाकीट नसतं, तसा ह्या निरोपाला पासवर्ड नाही. पण आयआर भिंतीतून जात नाही. समोरच्या खिडकीच्या काचेतून मात्र जाऊ शकतो. आजवर ह्या व्यवस्थेचं रक्षण घराच्या भिंतींनी केलंय. तुम्ही बॉक्ससमोर इंटरनेटला जोडलेला बोर्ड बसवलात की त्या भिंती उरत नाहीत. मग वायफायचा पासवर्ड कच्चा असेल, किंवा तयार डब्याच्या ॲपचा पासवर्ड तुम्ही बदललाच नसेल, तर कोणीही कुठूनही बटणं दाबू शकतं. चॅनल बदलणं किरकोळ. पण त्याच डब्यातून एसी आणि गिझरही चालत असेल तर गोष्ट गंभीर होते. शक्यतो असा बोर्ड घरातल्या घरातच बोलेल, बाहेरच्या सर्व्हरशी नाही, अशी जुळणी करा.

हे बेकायदा नाही ना? बॉक्स बिघडेल का?

कॉम्प्युटर फक्त तुमचं बटण दाबतो. ज्या चॅनलचे पैसे भरले नाहीत तो रिमोटने दिसत नाही, म्हणून कॉम्प्युटरनेही दिसणार नाही. कुलपाला हात लागतच नाही. बॉक्स बरेचदा कंपनीच्या मालकीचा असतो, पण आपण तो उघडत नाही, बाहेरून एलईडी चिकटवतो आणि परत करताना काढून घेतो. आयआरच्या इशाऱ्यांनी बॉक्सला इजा होत नाही. फक्त एलईडी चिकटवताना खिडकीचा थोडा भाग मोकळा ठेवा, नाहीतर हातातला रिमोट चालेनासा होतो आणि घरात भांडण होतं. खोलीत सीएफएल किंवा हलक्या प्रतीचे एलईडी दिवे असतील तर त्यांचा लुकलुकाट मधूनमधून आड येतो. चिकटवलेल्या एलईडीला ती भीती कमी, कारण तो बॉक्सपासून बोटभर अंतरावर असतो.

नव्या बॉक्सचं काय?

अँड्रॉइडवर चालणाऱ्या नव्या बॉक्सचे रिमोट अनेकदा ब्लूटूथचे असतात. ब्लूटूथमध्ये आधी जोडणी करावी लागते, त्यानंतर निरोप गुप्त जातो, उत्तरही येतं. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलं, पण बाहेरच्या कॉम्प्युटरला त्यात शिरणं अवघड. अशा बॉक्सना कधी इंटरनेटवरून, कधी एचडीएमआयच्याच वायरमधून जाणाऱ्या सीईसी ह्या संवादातून हुकूम देता येतो. मात्र सीईसी बॉक्सप्रमाणे कमी-अधिक चालतं, आणि चॅनलचे आकडे त्यातून जातीलच असं नाही.

म्हणून घरात कोणासाठी अशी सोय करायची असेल तर बॉक्स बदलण्याआधी बसवायला येणाऱ्या माणसाला थांबवा. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा लावा आणि नव्या रिमोटचं एकेक बटण दाबून बघा. काही ब्लूटूथ रिमोटमध्ये पॉवर आणि आवाज आयआरवर असतात, आकडे नसतात. आकड्यांनाही जांभळा ठिपका दिसला तर बॉक्स चालेल. नाही दिसला तर जुना परत देण्याआधी दुसरं मॉडेल मागा.